रिकामा डबा

तिकडं दोन वर्षं माझ्या भिंतीला भिंत लावून
ओकुमुरा बाई राहिल्या,
आणि एकदाही विचारलं नाही
तू कुठली, घरी कोण, जेवलीस का.

जिन्यात भेटलो की त्या वाकायच्या.
मीही वाकायची, जरा जास्तच,
रोवणीची सवय.
मग हवेबद्दल एक वाक्य,
आणि दार इतकं हळू लावायच्या
की न झालेल्या आवाजाचाच मला राग यायचा.

एकदा पाटवड्या नेऊन दिल्या.
दोन्ही हातांनी घेतल्या. आत ये म्हणाल्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी डबा माझ्या दाराशी,
लख्ख घासलेला, आत तीन केशरी फळं.
मी मायला फोनवर म्हटलं,
माणसं नाहीत इथं, कुलपं आहेत.
माय म्हणाली, "डबा रिकामा तं नाही धाडला ना?
मंग?"

दादाचा फोन आला तेव्हा तिथले रात्रीचे दोन.
मी रडले ते भिंतीला ऐकू गेलंच असेल.
पलीकडे दिव्याचा खटका वाजला.
मग काहीच नाही.
आमच्या टोलीत एव्हाना आठ बाया आत असत्या,
कुणीतरी माझं डोकं छातीशी दाबलं असतं.

सकाळी दाराच्या कडीला
निळ्या फडक्यात बांधलेला डबा. भाताची पेज.
गरम होती.
गरम होती, हे मला विमानात बसल्यावर कळलं,
म्हणजे तेव्हा नुसतं लक्षात आलं,
कळलं नाही.

इथं पोचले तर राख सावडून झाली होती.
"का झालतं वं मायला?"
"दवाखान्यात किती लागले?"
"तू कामून नाही आलीस लवकर?"
"तिकडं का खातेत, बेंडूक?"
पारबताकाकू गळ्यात पडून रडली
आणि रडता रडताच विचारलं, लग्नाचं का केलं.
मला बरं वाटत होतं. खरंच.
आणि कान दुखत होते.

पाचव्या दिवशी पहाटे कुडाला
पळसाच्या पानांची पुडी लटकलेली,
वरून सिंदीच्या पात्याची गाठ. आत बोटरं मासे,
एकाचा कल्ला अजून हलत होता.
मी फाटकाशी धावले.
कवडू ढिवर तलावाच्या पाळीवर पोचला होता,
जाळं खांद्यावर, उघडी पाठ माझ्याकडे.
हाक मारायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

हा माणूस मायशी तीस वर्षं बोलला नव्हता.
भांडण नव्हतं काही. मायही बोलत नसे.
आठवड्यातून एकदा पुडी यायची,
आणि पोळ्याला माय त्याच्या अंगणात
द्रोणांची चवड ठेवून यायची, दगड ठेवून वर,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
मी लहानपणी विचारलं होतं, बोलत का नाही?
"बोलतोच तं हाओ," म्हणाली होती.

निळं फडकं धुऊन वाळत घातलं.
डबा बॅगेतच राहिला होता, घाईत सोबत आलेला,
आता रिकामा जाऊ शकत नव्हता.
तांदूळ चालत नाही म्हणे तिकडे पाठवलेला.
शेवटी आढ्याला खोचलेले द्रोण काढले,
मायनं उन्हाळ्यात टोचलेले, सहा,
काड्या अजून पक्क्या.

अड्याळच्या पोस्टात गाढवे मास्तर.
गावातल्या पत्रांपेक्षा यांना जास्त माहीत असतं.
"जपानला? कोणाले? नात्यातले का?
आत का हाय?"
"पानं."
"पानं! कामाले?"
झाकण त्यांनीच उघडलं,
एक द्रोण उचलून उजेडाकडे धरला,
टाके बघितले, उलटा केला, पुन्हा बघितले.
"सयत्राबाईचे?"
मी मान हलवली.

किमतीचा रकाना त्यांनी तसाच सोडला,
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
पुढं काही विचारलं नाही.
टेप लावायला मात्र
फार वेळ घेतला.